समभागधारकांना सन्मानाची वागणूक

माझ्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला होता आणि तो घट्ट होईपर्यंत जबडा हलवायचा नाही अशी ताकीद होती. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या निवडणुकीला उभी राहतेय मी. एक पत्रक लिहून द्याल का?"

मी "अं" म्हणालो. हा 'अं' 'विचार करून सांगतो' या अर्थाचा होता, पण बाईंनी तो होकार धरला. दातांच्या डॉक्टरांना आयुष्यात नकार फार कमी ऐकावे लागत असणार.

"एकच पान," त्या म्हणाल्या, "आणि दोनच मुद्दे. पहिला, आपल्या प्रभागातला सरकारी दवाखाना दुपारी बंद होतो, तो संध्याकाळी पण उघडा हवा. लोकांना ताप काय फक्त सकाळी येतो? आणि दुसरा, समलिंगी माणसं असोत, तृतीयपंथी असोत, दवाखान्यात त्यांना बाकीच्यांसारखंच वागवायचं. दोघं एकत्र संसार करत असतील आणि एक आजारी पडला, तर दुसऱ्याला घरचा माणूस मानायचं. सरळ लिहा, वाचणाऱ्याला कळेल असं."

"अं," मी पुन्हा म्हणालो. हा दुसरा 'अं' कुठल्या अर्थाचा होता, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

बाहेर पडलो तेव्हा टळटळीत दुपार होती आणि माझा डावा गाल माझा नव्हता. इंजेक्शनाने बधिर झालेला गाल घेऊन चालताना फार सुखाचं वाटतं. जगाची अर्धी बाजू हलकेच कुणीतरी उचलून नेल्यासारखी वाटते. रस्ता कापसाचा होता. लांबून प्रचाराच्या गाडीचा कर्णा ऐकू येत होता, पण शब्द कळत नव्हते, पाण्याखालून कुणी बोलावं तसा नुसता आवाज तरंगत होता. एक पान, दोन मुद्दे. संध्याकाळच्या चहापर्यंत होऊन जाईल, असं मनात म्हणत मी घरी आलो आणि आरामखुर्चीत डोळे मिटले.

माझ्या लेखणीबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यातून निवृत्त झालो. लोकांचे दावे नामंजूर झाल्याची पत्रं मी लिहायचो, आणि ती अशी लिहायचो, की पत्र मिळालेला माणूस आभार मानायला कचेरीत यायचा. आभार मानून झाल्यावर, जिना उतरताना कधीतरी त्याच्या ध्यानात यायचं. इमारतीतले लोक मला मसुदेकाका म्हणतात. त्यात थोडी थट्टा आहे हे मला कळतं, पण पदवी ती पदवी.

पहिला मसुदा झाला आणि मी तो बायकोला वाचून दाखवला. "समाजातील विविध घटकांच्या वैविध्यपूर्ण गरजा विचारात घेता, आरोग्यविषयक सुविधांची उपलब्धता यथोचित वेळी व यथोचित व्यक्तींना व्हावी, अशी भावना या निमित्ताने व्यक्त होत आहे."

ती भाजी निवडत होती. "कुणाची भावना?" तिने विचारलं.

"तशी कुणाचीच नाही. व्यक्त होत आहे."

"आपोआप?"

तिने हात पुसले, कागद स्वतः वाचला आणि घडी घालून परत दिला. "माझा भाऊ हे वाचणार आहे," एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, समोरच्याच इमारतीत राहतो. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. त्याच्या घरी आणखी एक गृहस्थ राहतात, ते तलावावर पोहायला शिकवतात. कित्येक वर्षं राहतात. सुरुवातीला आमच्या घरात कुणीतरी त्यांना 'रूम पार्टनर' म्हटलं. मग बोलण्याच्या घाईत 'रूम' गळून पडली आणि 'पार्टनर' उरलं. दोघं मिळून पडदे निवडतात, दोघं मिळून आजारी मांजराला डॉक्टरकडे नेतात, आणि मेहुणा मला भावजी म्हणतो म्हणून पार्टनरही मला भावजीच म्हणतात. याबद्दल आमच्यात कधी कुणी काही बोललं नव्हतं. प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि दुसऱ्याला ठाऊक नाही असं समजून प्रत्येकजण सांभाळून वागत होता. बसल्या जागी डुलकी लागलेल्या माणसाला उठवू नये म्हणून घरभर चवड्यांवर चालावं, तसं.

मी पत्रक लिहितोय ही बातमी इमारतीत पोचायला फार वेळ लागला नाही. सर्वात आधी सेक्रेटरी आले. आमचे सेक्रेटरी सज्जन आहेत. फक्त गच्चीची किल्ली आणि जगाची काळजी ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांनी मसुदा उभ्याउभ्याच वाचला.

"मसुदेसाहेब, दवाखाना ठीक. पण गटाराचं काय? ताप येतो कुठून? डासांतून. डास कुठून? गटारातून."

हे पटण्यासारखं होतं. मी गटार घातलं.

"आणि कबुतरं. कबुतरांनी दमा होतो. हाही आरोग्याचाच प्रश्न आहे."

मी कबुतरं घातली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी रस्त्यावरचे दिवे घालायला लावले, कारण अंधारात पाय मुरगळतो. तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं की कुत्री रात्रभर भुंकतात, झोप होत नाही, झोपेवाचून कसलं आलंय आरोग्य. प्रत्येकाचं म्हणणं वाजवी होतं, आणि वाजवी म्हणणं मोडायला मी कधी शिकलो नाही. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र सगळ्यांचा सल्ला एकच होता. "विषय चांगलाय हो," सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले, "पण जरा मागे घ्या. बारीक अक्षरात. लोकांना एकदम नको."

मी तो मागे घेतला. कुत्री आली तसा आणखी मागे घेतला. शेवटी पानावर जागाच उरली नाही, तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. तयार झालेलं वाक्य असं होतं: "आरोग्य, गटारे, कबुतरे, पथदिवे, भटकी कुत्री इत्यादी प्रश्नांकडे लक्ष पुरवण्यात येईल."

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या मागे खिडकीत ऊन होतं आणि काचेच्या बाटलीत कुणाचा तरी जुना दात शांतपणे पडला होता.

"दुसरा मुद्दा कुठाय?"

"तो 'इत्यादी'मध्ये आहे," मी नम्रपणे म्हणालो.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला. "काका, त्यांना 'इत्यादी'मध्ये राहायचं नाहीये. सगळं भांडण तेवढंच आहे."

मग त्यांनी दोन्ही मुद्दे सांगितले आणि मी तिथेच बसून लिहून घेतले, एकही शब्द न बदलता. बोटांना सवय नव्हती, पण लिहिले. तो कागद घेऊन मी छापखान्यात गेलो.

छापखानेवाले वर्षभर कंपन्यांचे अहवाल छापतात. त्यांनी माझा कागद दिव्याखाली धरला, मान डोलावली आणि उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गठ्ठा तयार होता. वरचं पत्रक घेऊन मी निवडणूक कचेरीत गेलो, कारण कचेरीचा शिक्का असल्याशिवाय ते वाटता येत नाही. शिक्का मारणाऱ्या बाईंनी पट्टीने समास मोजला, खाली छापखान्याचं नाव आहे का पाहिलं आणि शिक्का मारला. वाचलं नाही. वाचणं त्यांच्या कामात येत नव्हतं. मीही वाचलं नव्हतं. मी ते पंख्याच्या वाऱ्यावर नुसतं फडफडताना पाहिलं होतं आणि माझ्या मनात तेव्हा फार सुंदर, ढगाळ असं काहीतरी चाललं होतं. गठ्ठा डॉक्टरीणबाईंच्या माणसांनी परस्पर नेऊन घरोघर वाटला.

संध्याकाळी सेक्रेटरी हसतमुखाने दारात उभे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"मसुदेसाहेब, मानलं तुम्हाला. आमच्यासारख्यांचा विचार करणारी पहिलीच उमेदवार."

"तुमच्यासारख्यांचा?"

त्यांनी पत्रक पुढे धरलं. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: "समभागधारकांना दवाखान्यात सन्मानाची वागणूक मिळालीच पाहिजे. एकत्र संसार करणाऱ्या दोन समभागधारकांपैकी एक आजारी पडल्यास दुसऱ्यास घरचा माणूस मानावे."

"मी आणि बायको, दोघांच्या नावावर शेअर आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे आम्ही बसतो यात."

मी छापखान्याकडे धावलो. छापखानेवाले शांत होते. "तुमचं अक्षर फार वळणदार. आणि आमच्याकडे 'सम' आलं की पुढचं हाताला आपोआप येतं. मला वाटलं, तुमचीच चूक सुधारतोय."

दुरुस्त पत्रक छापायचं तर नवा शिक्का हवा. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "चूक उमेदवाराची असेल तर उमेदवाराचा अर्ज. छापखान्याची असेल तर छापखान्याचा अर्ज."

"आणि समजा, चूक कुणाचीच नसेल तर?" मी जुन्या सवयीने विचारलं.

"मग ती चूकच नाही. पुढचे कोण?"

दरम्यान डॉक्टरीणबाईंची सभा येऊन ठेपली. शाळेचा हॉल भरला, आणि कधी नव्हे ते भरला शेअर बाळगणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी. पुढच्या रांगेत सेक्रेटरी, इस्त्रीच्या शर्टात. मागच्या दाराशी मेहुणा आणि पार्टनर उभे होते. मेहुण्याने स्वेटर घातला होता. एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला, असं माझ्या मनात आलं आणि पंख्याच्या घरघरीत वाहून गेलं. डॉक्टरीणबाईंनी उभं राहून चूक कबूल केली आणि दुसरा मुद्दा मूळ शब्दांत सांगितला. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "म्हणजे लाभांशाबद्दल यात काहीच नाही?" नाही म्हटल्यावर ते गेले, त्यांच्यामागोमाग आणखी काही गेले. सेक्रेटरी गेले नाहीत. पण त्यांनी सभाभर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बसल्या बसल्या खुर्चीच्या फटीतून खाली गळून जातोय की काय असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्टनरांचा फोन आला. बायको बाजारात गेली होती, म्हणून मी घेतला.

"भावजी, याला आणलंय मोठ्या दवाखान्यात. ताप उतरत नाही, बरळायला लागला होता. आपल्या इथला दवाखाना बंद होता. मला आत सोडत नाहीत. तुम्ही याल का?"

मी पोचलो तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर मेहुण्याची पिशवी, त्यावर त्याचा चष्मा, हातात त्याच्या चपला. पोहायला शिकवणारा दणकट माणूस, पण त्या चपला त्यांनी अशा धरल्या होत्या, जणू कुणी काढून घेईल. दवाखान्याच्या भिंती फिकट हिरव्या होत्या आणि वरून येणारा उजेड कुठेच थांबत नव्हता. बाकापासून काउंटर हाकेच्या अंतरावर होता.

"नातेवाईक कोण?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"मी. बहिणीचा नवरा," मी म्हणालो आणि ताठ उभा राहिलो. सभेनंतर पहिल्यांदाच मला कुणीतरी अधिकृत मानत होतं.

"पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

मला ठाऊक नव्हतं. मी बाकापाशी गेलो, पार्टनरांनी सांगितलं, मी परत येऊन सांगितलं.

"ताप कधीपासून?"

मी बाकापाशी गेलो.

"रक्तगट? आधी कधी ॲडमिट केलं होतं? काही गोळ्या चालू आहेत?"

मी जात होतो आणि येत होतो. प्रत्येक उत्तर पार्टनर लगेच देत होते, मधली एक गोळी मेहुणा रोज विसरतो आणि ती त्यांना आठवण करून द्यावी लागते, हेसुद्धा. मी ते ओंजळीत पाणी न्यावं तसं काउंटरपर्यंत न्यायचो आणि पोचेपर्यंत थोडं सांडायचो. एका गोळीचं नाव मी असं सांगितलं, की काउंटरवरच्या माणसाने ते कापडाचं दुकान आहे का असं विचारलं. मला दम लागला. नातं माझं होतं आणि माणूस त्यांचा होता, आणि त्या हिरव्या उजेडात मी दोघांच्या मधे येरझाऱ्या घालत होतो.

आतून नर्स आली. "पेशंट सारखं कुणाला तरी बोलावतायत. घरचं कोण आहे? एकानेच या."

काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बोट केलं. मी दोन पावलं पुढे टाकली आणि थांबलो.

"मी नाही," मी म्हणालो. "ते. बाकावरचे."

"ते कोण लागतात?"

मसुदेकाकांसाठी हा साधा प्रश्न होता. या प्रश्नाला वळसा घालणारी कितीतरी वाक्यं माझ्याकडे होती आणि ती सगळी एकदम, ढगांसारखी, माझ्या डोक्यात आली. सदर गृहस्थ. दीर्घकालीन निवासाच्या अनुषंगाने. कौटुंबिक स्वरूपाच्या स्नेहसंबंधांच्या. पार्टनर माझ्याकडे बघत होते. ते चपला धरून उभे राहिले होते आणि काहीच मागत नव्हते.

"त्याचे जोडीदार आहेत," मी म्हणालो. "दोघांचा संसार आहे."

एवढं लहान वाक्य मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो. ते संपलं आणि पुढे काहीच नव्हतं.

काउंटरवरच्या माणसाने पेन थांबवलं. "तसा रकाना नाही हो. 'इतर' लिहू?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण रांगेतले लोक वळले. "इतर नको. घरचे लिहा."

त्याने पाहिलं, खांदे उडवले आणि लिहिलं. "मग हे आधी सांगायचं ना. मघापासून तुम्हीच कशाला पळताय?"

पार्टनर आत गेले. जाताना चष्मा आणि चपला घेऊनच गेले. दाराच्या काचेतून मला एवढंच दिसलं, की मेहुण्याने डोळे उघडले, आणि पार्टनरांनी आधी त्याच्या नाकावर चष्मा नीट बसवला आणि मग हात धरला.

बायको धापा टाकत आली तेव्हा मी बाकावर पिशवी सांभाळत बसलो होतो. "तुम्ही बाहेर कसे? आत कोण आहे?"

"घरचे," मी म्हणालो.

तिने काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग येऊन शेजारी बसली आणि पदराने डोळे टिपले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. तुला?"

"तुमच्या आधीपासून. तो कॉलेजात होता तेव्हाच मला सांगणार होता. मीच म्हटलं, जेवून घे आधी, मग बोलू. मग राहूनच गेलं."

"आपण तरी आपसात बोलायचं होतं."

"तुमच्याशी?" ती म्हणाली. "तुमचं वाक्य संपेपर्यंत माझा भाऊ म्हातारा झाला असता."

समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन हळूहळू सरकत होता आणि आम्ही दोघं तो बघत राहिलो, आगगाडीच्या खिडकीत बसल्यासारखे.

मेहुणा बरा झाला. अशक्तपणा राहिला, पण घरी आला. मी निवडणूक कचेरीत जाऊन चूक माझी आहे असा अर्ज लिहून दिला. शिक्का मारणाऱ्या बाईंना चूक स्वतःची म्हणून सांगणारा माणूस बहुधा पहिलाच भेटला होता. त्यांनी बसायला खुर्ची दिली. नवं पत्रक निघालं, दोन मुद्द्यांचं, सरळ. ते मी स्वतः घरोघर वाटलं. काही दारं उघडली, काही उघडून लगेच मिटली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ते भिंग लावून वाचलं आणि रस्त्यावरचे दिवे कुठे गेले, असं विचारलं.

डॉक्टरीणबाई पडल्या. थोडक्यात पडल्या, पण पडल्या. निकालाच्या दिवशी त्या नेहमीसारख्या दवाखान्यात कुणाची तरी दाढ काढत होत्या. मात्र एवढी मतं कुठल्या गोष्टीला पडली याचा हिशेब निवडून आलेल्यांनीही केला असावा, कारण काही महिन्यांनी सरकारी दवाखाना संध्याकाळी उघडा राहू लागला. दुसऱ्या मुद्द्यावर त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. बाई म्हणतात, पुढच्या वेळी पुन्हा उभी राहीन, लोकांची तोंडं उघडायची मला सवय आहे.

परवा संध्याकाळी मेहुण्याला तपासून घ्यायचं होतं म्हणून मी, तो आणि पार्टनर असे आम्ही तिघं त्या सरकारी दवाखान्यात गेलो. मेहुणा आत गेला. बाहेर बाकावर सेक्रेटरी खोकत बसले होते. सभेपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. दिवे नुकतेच लागले होते. बाहेर अजून पूर्ण अंधार नव्हता. आकाशाचा रंग कुणी ठरवला नव्हता.

सेक्रेटरींनी पार्टनरांकडे पाहिलं. "हे तुमच्या मेहुण्यांचे रूम पार्टनर ना?"

"नाही," मी म्हणालो. "हे माझे साडू."

सेक्रेटरी विचारात पडले. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"पण वहिनींना बहीण कुठे आहे?"

"नाही."

"एकच भाऊ."

"एकच."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. वहिनी, वहिनींचा भाऊ, भावाचे हे, असं काहीतरी ते सावकाश मांडत असावेत. मी या वेळी मदतीला एकही वाक्य पुढे केलं नाही. पार्टनर माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

सेक्रेटरींनी डोळे उघडले. खोकले. मग बाकावर जरा सरकले, हाताने जागा झटकली आणि पार्टनरांना म्हणाले, "बसा. तुमच्यात थोरला साडू कोण?"

"हे," पार्टनर बसत म्हणाले. "ताई मोठ्या ना."

"मग सांभाळून राहा," सेक्रेटरी म्हणाले. "थोरला साडू फार मान मागतो."

पार्टनर हसले. मी काही हसलो नाही. मी थोरला होतो, आणि मला तसं बसायची सवय करायची होती.